मोटर बंद केली की बोर्ड रीसेट: रिले मॉड्यूलचं परत परत उपटणारं दुखणं

आमच्या मिरजेच्या घरी अंगणात हौद, गच्चीवर हजार लिटरची टाकी आणि मध्ये अर्ध्या एचपीची मोटर. बाबा पहाटे उठून बटण दाबायचे, चहात रमायचे, आणि टाकी ओसंडली की शेजारचे काका भिंतीपलीकडून हाक मारायचे. हे थांबवायला मी नोडएमसीयू (ईएसपी ८२६६ चिपचा, वायफाय असलेला छोटा बोर्ड), दोन चॅनेलचं निळं रिले मॉड्यूल एका प्लास्टिकच्या डब्यात बसवलं आणि टाकी भरली की कळवणारा फ्लोट स्विच टाकीत सोडला. रिले म्हणजे बोर्डाच्या हुकमाने चालणारं बटण: आतल्या कॉइलला वीज मिळाली की कॉन्टॅक्ट मिटतो आणि मोटर चालू होते. टेबलावर सुरेख चाललं. भिंतीवर लावलं आणि तिसऱ्या दिवसापासून रडारड सुरू झाली.

लक्षण असं: मोटर चालू होताना सगळं ठीक. बंद होताना, दहापैकी तीन-चार वेळा, बोर्ड रीसेट. कधी रीसेट न होता नुसताच गोठायचा, वायफायवरून गायब. छोट्या डिस्प्लेवर कधी ठिपक्यांची रांगोळी यायची. मी कोड बदलला, तेव्हा आठवडाभर बरं वाटलं. चार्जर बदलला, पुन्हा चार दिवस बरं. मग नवं मॉड्यूल आणलं. तीन वेळा ‘सुटलं’ आणि तीन वेळा परत आलं. हे लिहायचं कारण तेवढंच: मी ज्या क्रमाने शोधलं तो क्रम चुकीचा होता, तुम्ही तो करू नका.

पहिली गोष्ट जिवाची. या डब्यात २३० व्होल्ट असतात आणि त्यांचं शिखर ३२५ व्होल्टला जातं. हात घालायच्या आधी एमसीबी खाली, मग टेस्टर लावून खात्री. टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये पेटतो का ते बघायचं, मग बंद तारेला लावायचा. मेन्स जोडलेली असताना बोर्डाला लॅपटॉपची केबल लावू नका. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच तोडणारा स्विच) नसेल तर या प्रयोगाआधी तो बसवून घ्या. फेज रिलेतून न्यायचा, न्यूट्रल थेट मोटरला. उलटं केलं तरी मोटर चालते आणि बंदही होते, पण बंद असतानाही तिच्यात फेज बसलेला असतो. दुरुस्तीला आलेल्या माणसाला हे झटका बसल्यावर कळतं.

आता कारण शोधू या. सगळ्यात उपयोगी प्रश्न हा की बिघाड चालू होताना येतो की बंद होताना. चालू होताना बोर्ड रीसेट होत असेल तर आधी ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर संशय घ्या. निळ्या रिलेची कॉइल साधारण ७० ओहमची, म्हणजे ७० मिलिअँपिअर ओढते. वायफायचा झटका त्याहून कितीतरी मोठा. चार्जर दुबळा किंवा यूएसबी केबल केसासारखी बारीक असेल तर तेवढ्यात व्होल्टेज खाली बसतं. इलाज सोपा: जाड केबल, चांगला चार्जर, आणि बोर्डाच्या ५ व्होल्ट व ग्राउंडमध्ये ४७० ते १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. रिले सोडताना मात्र पुरवठ्यावरचा भार कमी होतो. मग बंद होताना रीसेट होण्याचं खापर चार्जरवर कसं फोडणार? मी फोडलं होतं. दोन चार्जर विकत आणून झाले.

दुसरी चाचणी दहा मिनिटांची आहे आणि तिने माझे दोन महिने वाचले असते. मोटरची तार काढून ठेवा. कोडमध्ये रिले सेकंदाला एकदा असा पन्नास वेळा टिकटिक करायला लावा. माझ्याकडे रीसेट शून्य. मग मोटरच्या जागी ६० वॅटचा जुना, तारेचा दिवा जोडा. पुन्हा पन्नास वेळा, पुन्हा शून्य. मग मोटर जोडा. मोटरीवर मात्र पन्नास झटके मारू नका, तिला आणि कॉन्टॅक्टला दोघांनाही ते सोसत नाहीत. मिनिटभर अंतर ठेवून दहा वेळा पुरे. माझ्याकडे दहात चार रीसेट आले. तोच कोड, तोच चार्जर, तोच रिले, बदललं काय तर कॉन्टॅक्टच्या पलीकडचं ओझं.

खरं तर बाबांनी हे आधीच सांगितलं होतं. त्यांचा मीडियम वेव्हचा जुना रेडिओ खिडकीत असतो. एकदा म्हणाले, “अरे, तुझी ती पेटी मोटर बंद करते ना, तेव्हा रेडिओ खर्रकन ओरडतो. माझ्या बटणाला असं कधी झालं नाही.” मी हसून सोडून दिलं. तो खर्र म्हणजेच आजाराचं मूळ होतं. (बाबांच्या बटणालाही होत असणारच. पण ते बटण दाबायला बाहेर जात, तेव्हा रेडिओ ऐकायला घरात कुणी नसे.)

मोटरच्या वळणांत चालू असलेला करंट एकदम थांबायला तयार नसतो. कॉन्टॅक्ट उघडतो तेव्हा त्या बारीक फटीत ठिणगी पेटते, विझते, पुन्हा पेटते, आणि त्या धडपडीत व्होल्टेजचे हजाराच्या घरातले काटे उठतात. ते तारांतून जातात आणि हवेतूनही पसरतात. शेजारून जाणाऱ्या बारीक तारा अँटेनासारखं काम करतात. रीसेट पिन, फ्लोट स्विचची तार, डिस्प्लेच्या तारा, सगळ्यांना त्याचा चिमटा बसतो. दरवेळी का होत नाही? आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावरून जातो. रिले कोणत्या क्षणी उघडेल ते नशिबावर. शून्याजवळ उघडला तर काही होत नाही, शिखराजवळ उघडला की काटा मोठा उठतो. कोड बदलल्यावर आठवडाभर जे बरं वाटायचं ते हेच नशीब.

खात्रीसाठी बोर्डालाच विचारा. ईएसपी ८२६६ चालू होताना रीसेटचं कारण सांगणारं एक फंक्शन आहे, त्याचं उत्तर सेटअपमध्ये डिस्प्लेवर दाखवून घ्या. ‘पॉवर ऑन’ आलं तर वीज खरंच गेली होती. ‘एक्सेप्शन’ आलं तर कोडकडे बघा. ‘हार्डवेअर वॉचडॉग’ म्हणजे प्रोसेसर गोठला होता. आणि कुणी बटणाला हात न लावता ‘एक्स्टर्नल सिस्टीम’ आलं तर रीसेट पिनवर बाहेरून काहीतरी आदळलं. माझ्याकडे शेवटची दोन आलटून पालटून येत होती. मेन्स काढून लॅपटॉप लावलात तर सीरियल मॉनिटरवर सुरुवातीला कचरा दिसतो त्याने घाबरू नका, बूटचा संदेश ७४८८० बॉड या वेगळ्या वेगाने छापला जातो.

जम्परची गंमत

मॉड्यूलवर ऑप्टोकपलर (तारेऐवजी प्रकाशाने संदेश पलीकडे पोचवून दोन बाजू वेगळ्या ठेवणारा भाग) आहे, म्हणजे आपण सुरक्षित, असं मीही धरून चाललो होतो. दोन किंवा जास्त चॅनेलच्या बहुतेक मॉड्यूलवर एका कोपऱ्यात तीन पिना असतात: जेडी-व्हीसीसी (कॉइलचा पुरवठा), व्हीसीसी (इनपुटकडचा पुरवठा) आणि ग्राउंड. त्यातल्या पहिल्या दोघींवर पिवळा किंवा काळा जम्पर, म्हणजे दोन पिना जोडणारी टोपी, बसवूनच माल येतो. तो जम्पर असेपर्यंत कॉइल आणि बोर्ड एकाच पुरवठ्यावर जेवतात, आणि ऑप्टोकपलर नुसता शोभेचा. दोन्ही बाजूंना ग्राउंड एकच असेल तर वेगळं केलं ते काय?

जम्पर काढा. जेडी-व्हीसीसी आणि त्याच्या शेजारचं ग्राउंड दुसऱ्या, स्वतंत्र ५ व्होल्टच्या चार्जरला द्या. इनपुटकडच्या चार पिनांपैकी व्हीसीसी बोर्डाकडून घ्या, इन-१ आणि इन-२ बोर्डाच्या पिनांना जोडा, आणि तिथलं ग्राउंड मोकळं सोडा. ते जोडलंत की दोन्ही चार्जरांची ग्राउंड पुन्हा एक झाली, सगळी मेहनत पाण्यात. मी पहिल्यांदा नेमकं तेच केलं होतं, कारण ‘ग्राउंड कॉमन असावं’ हे डोक्यात इतकं बसलेलं.

इथे ३.३ व्होल्टचा एक उपप्रश्न आहे. ही मॉड्यूल पिन शून्यावर गेली की रिले ओढतात. व्हीसीसी ३.३ व्होल्टला दिलं तर ऑप्टोचा एलईडी आणि दाखवायचा लाल एलईडी मिळूनच जवळपास सगळं व्होल्टेज खातात, मग रिले कधी ओढतो, कधी नुसता कुरकुरतो. ५ व्होल्टला दिलं तर ऑप्टो असलेलं मॉड्यूल सहसा नीट ओढतं आणि सोडतंही. पण ऑप्टो नसलेली एक चॅनेलची स्वस्त मॉड्यूल असतात. त्यांत पिन ३.३ व्होल्टवर गेली तरी ट्रान्झिस्टरला १.७ व्होल्टचा फरक दिसतो आणि तो बंदच होत नाही. ‘रिले चालू होतो पण सोडत नाही’ ही तक्रार बहुतेक याच मॉड्यूलची. मध्ये बीसी ५४७ ट्रान्झिस्टर आणि त्याच्या बेसला १ ते ४.७ किलोओहमचा रेझिस्टर टाका. कोडमधलं चालू-बंद मात्र उलटं होईल, ते लक्षात ठेवा.

जम्पर काढल्यावर माझे रीसेट दहात चारवरून दहात एकावर आले. मी पेढे वाटायच्या बेतात होतो.

त्या रात्री टाकी ओसंडली

पहाटे साडेचारला काकांची हाक. गच्चीवरून धबधबा. फ्लोट स्विचने सांगितलं होतं, कोडने पिन बंद केली होती, मॉड्यूलवरचा लाल दिवाही विझलेला, तरी मोटर सुरूच. एमसीबी पाडला तेव्हा थांबली. मल्टिमीटर बझरवर लावून कॉम आणि एनओ या कॉन्टॅक्टच्या दोन टर्मिनलांना टेकवला. कॉइलला वीज नसताना तिथे आवाज यायला नको. आला. कॉन्टॅक्ट चिकटला होता.

स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने रिलेवर टकटक केलं तर सुटला. इथे मोह होतो, ‘चला, झालं’ म्हणायचा. मी म्हणालो, आणि अकरा दिवसांनी तो पुन्हा चिकटला. तेव्हा मात्र उपटून काढला आणि ब्लेडने निळं टोपण कापलं. आत बघण्यासारखं होतं. चांदीच्या रंगाच्या दोन टिकल्या समोरासमोर असायला हव्यात. एकीला मधोमध काळा खड्डा पडलेला, दुसरीवर त्याच मापाचा टेंगूळ, आणि टोपणाला आतून काजळी, दिव्याच्या काचेला धरते तशी. नखाने टेंगूळ खरवडला तर दाणा निघून आला.

त्या निळ्या रिलेवर १० अँपिअर, २५० व्होल्ट असं ठळक छापलेलं असतं. आमची मोटर चालताना साडेतीन अँपिअरच्या आसपास घेते, म्हणजे तिप्पट सवड, असा माझा हिशेब. पण तो मोठा आकडा हीटर किंवा तारेच्या दिव्यासारख्या साध्या ओझ्याचा. वळणं असलेल्या ओझ्याचा आकडा डेटाशीटमध्ये वेगळा असतो आणि बराच खाली. शिवाय मोटर सुरू होताना पहिल्या क्षणी चालू करंटच्या पाच-सहा पट ओढते. म्हणजे १७ ते २१ अँपिअर, आणि तेही कॉन्टॅक्ट मिटताना बारीक उड्या मारत असतो नेमक्या तेव्हा. चांदी वितळते आणि गार होताना डाग बसतो. यावर कोडमध्ये इलाज नाही. पिन बंद करून कोडने आपलं कर्तव्य केलेलं असतं.

आमच्या गल्लीतले वायरमन मामा दुसऱ्या कामाला आले होते. त्यांनी डबा उघडून बघितला. “हे तुम्ही केलंय?”

“हो मामा. घरीच.”

“चांगलं केलंय. पण एवढ्याशा टिकलीवर मोटर चालवताय? मध्ये कॉन्टॅक्टर घाला. तुमच्या या टिकटिकीने कॉन्टॅक्टरची कॉइल ओढा, मोटरीचं कॉन्टॅक्टर बघून घेईल.”

दोन वाक्यांत काम झालं. कॉन्टॅक्टर म्हणजे मोटरीसाठी बनवलेला दांडगा रिलेच. २३० व्होल्टच्या कॉइलचा, एसी-३ वर्गात ९ अँपिअरचा कॉन्टॅक्टर अर्ध्या एचपीला भरपूर होतो. घेताना एसी-१ आणि एसी-३ असे दोन आकडे दिसतील. मोटरीसाठी एसी-३ बघायचा, मोठा आकडा बघून भुलायचं नाही. ओव्हरलोड रिले सोबत घेतलात तर मोटर अडकली तरी जळणार नाही. निळ्या रिलेवर आता फक्त कॉन्टॅक्टरच्या कॉइलचं ओझं, तेही अगदी किरकोळ.

आणि तरीही रीसेट

इथे मी खरंच हात टेकले. मोटरीचा करंट आता रिलेतून जातच नाही, कॉन्टॅक्टर हातभर लांब, आणि रीसेट पूर्वीपेक्षा जास्त, दहात पाच! बाबांचा रेडिओही तसाच ओरडत होता.

कॉन्टॅक्टरची कॉइल म्हणजे लोखंडावर गुंडाळलेली हजारो वेढ्यांची तार. करंट कमी, पण इंडक्टन्स दांडगा. रिले तिला सोडतो तेव्हा ठिणगी रिलेच्याच फटीत पडते, बोर्डापासून चार बोटांवर. ओझं हलकं केलं, पण लाथ मारणारं जनावर बदललं इतकंच.

यावरचा इलाज स्नबर: १०० ओहमचा १ वॅटचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, एकापुढे एक. कपॅसिटर एक्स-२ वर्गाचाच हवा, त्याच्यावर २७५ व्होल्ट एसी आणि एक्स-२ असं लिहिलेलं असतं. जुन्या सामानातला ४०० व्होल्ट डीसीचा पडलेला असतो, तो लावायचा मोह आवरा. मेन्सवर तो कधीतरी फुटतो. ही जोडी कॉन्टॅक्टरच्या ए-१ आणि ए-२ या टर्मिनलांवर, थेट कॉइलवर लावा, तारा जितक्या आखूड तितकं बरं. रिले उघडला की कॉइलमधल्या करंटला जायला वाट मिळते, फटीत ठिणगी पेटवायची गरज उरत नाही. याच्याच जोडीला एक व्हॅरिस्टर लावला तर उरलेला काटा छाटला जातो. मी १४डी४७१ लावला, तो ३०० व्होल्ट एसीसाठी असतो. रात्री उशिरा आमच्याकडे मीटरवर २५० च्या वर दिसतं, म्हणून २७५ वाला घेतला नाही.

स्नबर लावून मोटर बंद केली. बाबा खिडकीतून म्हणाले, “आज नाही ओरडला रे.” त्यानंतर मी दिवसातून दहा वेळा याप्रमाणे आठवडाभर मोजलं. रीसेट एकही नाही. साधा मीडियम वेव्हचा रेडिओ हे या कामात माझ्या मल्टिमीटरपेक्षा चांगलं उपकरण निघालं. स्टेशन नसलेल्या जागी काटा ठेवायचा, आवाज मोठा करायचा, आणि ऐकायचं.

डब्यातली बाकी आवराआवर थोडक्यात. मेन्सच्या तारा एका बाजूने, ५ व्होल्टच्या दुसऱ्या, आणि एकमेकींना ओलांडावंच लागलं तर काटकोनात. फ्लोट स्विचची तार गच्चीपर्यंत मोटरीच्या तारेसोबत एकाच पाइपातून नेली होती, ती वेगळी काढली. तिच्या टोकाला बोर्डाजवळ ४.७ किलोओहमचा पुलअप (तार ‘हाय’कडे ओढून धरणारा रेझिस्टर), मग १ किलोओहम मालिकेत आणि पिनपाशी ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरड. चिपच्या आतला पुलअप एवढ्या लांब तारेला पुरत नाही. मॉड्यूल उलटं करून बघा: रिलेच्या मेन्सच्या डागांत आणि कॉइलच्या डागांत काही मॉड्यूलवर जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जागा असते. चांगल्या मॉड्यूलवर तिथे बोर्डाला चीर पाडलेली दिसते, तेच घ्यावं.

कोडमध्ये तीनच बदल ठेवले. रिले डी-१ आणि डी-२ वर. डी-३, डी-४, डी-८ या पिना बूट होताना आपापलं काहीतरी करतात, तिथे रिले लावला तर वीज आल्या आल्या मोटर एक उचकी देते. पिनला आउटपुट करायच्या आधीच तिच्यावर ‘हाय’ लिहून ठेवायचं, म्हणजे मधला क्षणभराचा टिक जातो. आणि बोर्ड चालू झाल्यावर पहिले ३० सेकंद मोटरीला हात लावायचा नाही, म्हणजे वीज ये-जा करत असली तरी मोटर धडाधड सुरू होणार नाही.

स्नबरबद्दल एक राहिलं. दुसऱ्या चॅनेलवर जिन्यातला एलईडी दिवा आहे. उत्साहात मी तिथेही स्नबर ठोकला, तोही रिलेच्या कॉन्टॅक्टवर. रात्री दिवा बंद, पण मंद काजव्यासारखा पेटलेला. हिशेब केला तर ०.१ मायक्रोफॅरडमधून २३० व्होल्टला सात मिलिअँपिअर झिरपतात, आणि एलईडीला तेवढे पुष्कळ. सॉलिड स्टेट रिले लावणाऱ्यांना हीच तक्रार येते, कारण त्यांतल्या बऱ्याच जणांच्या आत असाच स्नबर आधीपासून असतो. तिथला मी काढून टाकला. ओझ्यावर लावला तर हा त्रास होत नाही, पण एवढ्याशा दिव्याला त्याची गरजही नाही.